धुतलेलं बियाणं

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र परवा मिळालं. राजधानीचा सरकारी शिक्का बघून पोस्टमनला वाटलं, या म्हातारीवर काहीतरी बालंट आलं. पाकीट हातात देऊनही तो दारातून हलेना. शेवटी मीच त्याला सांगितलं की माझ्या भाचीचं पत्र आहे, ती आता शाळेची पुस्तकं करणाऱ्या कचेरीत मोठी बाई झाली आहे. तेव्हा कुठे तो सायकलवर बसला, जरासा हिरमुसलेला. आपल्या प्रांतावरचा धडा लिहायचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून ऊर भरून आला आणि लगेच हसूही फुटलं. माझ्याच वर्गात भूगोलाच्या तासाला बाकावर कावळे कोरत बसायचीस तू! इतिहास, भूगोल आणि लोक, तिन्ही मिळून दोन पानं, आणि तुझ्या साहेबांचं म्हणणं असं की शैली प्रसन्न हवी. हवी तर हवी. मी उभा जन्म हाच धडा जुन्या पुस्तकातून शिकवला, त्यामुळे माझ्याकडे माल पुष्कळ आहे. त्यातलं प्रसन्न किती निघेल ते बघू.

सही झाल्यावर खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत तू जे लिहिलंस ते मी एकदा वाचलं आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दादाला जे आहे ते आपल्या रक्तात आहे का, खरं सांग, म्हणजे मला वेळेत काय ते ठरवता येईल, आईला मात्र विचारू नकोस. तुझा तिसरा महिना चालू आहे. वेळेत म्हणजे काय ते मला कळतं, मी लग्न केलं नसलं तरी. पुढच्या आठवड्यात तू डॉक्टरकडे जाणार आहेस आणि त्याआधी तुला माझं उत्तर हवंय. तुझ्या सासूबाईंनी दादाचा फोटो मागून घेतला आणि परत देताना एक शब्द बोलल्या नाहीत, हे तू सहज म्हणून लिहिलंयस. सहज नाही ते. जावई गुणाचा आहे, तू ठरवशील तसं करू म्हणतो, म्हणजे सगळं ओझं शेवटी तुझ्याच डोक्यावर. तर पोरी, तुला उत्तर देते. एका शब्दातही देता येईल, पण त्या एका शब्दावर तू विश्वास ठेवणार नाहीस. या घरात एकेका शब्दानं तुला पुष्कळदा गप्प केलंय. म्हणून सगळंच सांगते. तुझ्या साहेबांना हवा असलेला इतिहास-भूगोलही त्यातच येईल, तो वेगळा काढावा लागणार नाही.

भूगोल सोपा. आपला प्रांत ताटासारखा सपाट आहे. उत्तरेकडून नदी येते, मध्ये आल्यावर तिला आळस चढतो आणि दक्षिणेला जाऊन ती दलदलीत बसते. डोंगर बघायचा तर आगगाडीत बसून दुसऱ्या प्रांतात जावं लागतं. माती भारी, चिकट, गव्हाला आईसारखी आणि चाकाला सावत्र. कोरड्या दिवसांत आपल्यासारखे रस्ते कुठे नाहीत; पण हिवाळ्याच्या तोंडावर दोन पाऊस जास्त झाले की पुलापासून गावापर्यंतचा सगळा रस्ता शिऱ्यासारखा होतो आणि मालमोटारी पुलापाशी पंधरा-पंधरा दिवस अडकून पडतात. जुन्या पुस्तकात याला 'दळणवळणाच्या काही अडचणी' म्हटलंय. हे वाक्य तू तसंच ठेवलंस तरी चालेल, पण या चिखलाकडे जरा लक्ष ठेव. पुढे तो कामाला येणार आहे.

तुझा दादा बरा आहे. गेल्या महिन्यात त्याला खोकला झाला होता तो गेला. आता तो इतका जड झालाय की मी आणि तुझी आई मिळून त्याला अंगणात न्यायचं म्हणजे पलंग हलवल्यासारखं होतं. समोरच्या लोहाराचा मुलगा सकाळी येऊन उचलून देतो आणि संध्याकाळी परत आत ठेवतो. दिवसभर तो उन्हात बसतो. उन्हाबरोबर तोंड वळवतो, डोळ्यांना दिसत नसलं तरी ऊन कुठून येतं ते त्याला कळतं. तुझी आई भरवायला बसली की तोंड उघडतो, मी बसले की मिटतो. इतक्या वर्षांत माझा एकदाही मान राखला नाही पठ्ठ्यानं. तुझ्या आईला आता फक्त नाकासमोरचं दिसतं, कागदाची नळी करून बघावं तेवढंच, आणि बोटांना गरम-गार कळत नाही. तरी चुलीपाशी ती मला फिरकू देत नाही. मिठावरून आमची रोज जुंपते. नणंद-भावजयीचं कधी पटलंय का कुणाचं? पण तिच्यावाचून मला घास जात नाही, हे तू जाणतेस.

आता इतिहास. राजांचा भाग मी गाळते. त्यांनी गहू नेला एवढंच त्यांचं कर्तृत्व. त्यांच्यानंतर परके आले, त्यांनीही गहू नेला, फक्त जाताना पावती दिली. आपल्या माणसांना सांगावा असा एकच इतिहास आहे आणि तो पुस्तकात नाही. तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, लहान असताना मोठा दुष्काळ पडला. लोकांनी गवताचं बी कुटून खाल्लं, झाडांच्या साली उकळल्या. गावाबाहेरचं गोदाम मात्र छपरापर्यंत भरलेलं होतं. गोदामाचा कारकून दारात उभा राहून रोज एकच सांगायचा, हा गहू खायचा नाही, हे बियाणं आहे. लोकांनी ऐकलं. आपली माणसं ऐकणारी होती तेव्हा. आजोबांची आई त्या गोदामाच्या भिंतीला टेकून बसलेली असतानाच गेली, आजोबा तिच्या मांडीवर होते. पाऊस आल्यावर दार उघडलं तर आतला निम्मा गहू कुजला होता. तो कुणी पेरला नाही, कुणी खाल्ला नाही, नदीत लोटून दिला. आजोबा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा नाही, पण आम्हा मुलांना ताटात शितभर टाकायची छाती व्हायची नाही. आमच्या घरात शिवी दिली तर चालायची, दाणा सांडलेला चालायचा नाही.

यातून जी माणसं घडली त्यांच्याबद्दल काय सांगू? काटकसरी. संशयी. पाहुण्याला पोटभर वाढतील आणि तो गेल्यावर त्यानं किती खाल्लं ते आठवडाभर बोलतील. सरकारी माणसाचं सगळं ऐकून घेतील, मान डोलावतील, अंगठा उठवतील आणि घरी येऊन नेमकं उलट करतील. एकच गोष्ट त्यांनी कधी संशयानं बघितली नाही, ती म्हणजे गहू. माणूस खोटं बोलतो, दाणा बोलत नाही, असं आपल्याकडे म्हणायचे. आता कुणी म्हणत नाही. तुझ्या वयाच्या मुलांनी ही म्हण ऐकलेलीसुद्धा नसेल.

तुझ्या जन्माच्या बरंच आधी सलग दोन वर्षं पीक बुडालं. कणग्या झाडून झाल्या. तेव्हा सरकारनं समुद्रापलीकडून नवं बियाणं मागवलं, भरघोस उतारा देणारं, रोग न पडणारं. त्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं होतं, आणि ते औषधाचं आहे हे ओळखता यावं म्हणून वर गुलाबी रंग दिलेला. बोट किनाऱ्याला लागली ती वेळेवर, पण तिथून निघालेल्या मालमोटारी आपल्या पुलापाशी येऊन चिखलात रुतल्या. बियाणं गावात पोचलं तोवर पेरण्या उरकल्या होत्या. लोकांनी पोटाला चिमटा काढून राखलेलं घरचं बी मातीत टाकलं होतं आणि घरात खायला काही उरलं नव्हतं. अशा वेळी घराघरात हे गुलाबी गव्हाचं पोतं येऊन पडलं. पोत्यावर परक्या भाषेत काहीतरी छापलेलं होतं, ते वाचता येणारा एक माणूस पंचक्रोशीत नव्हता. शेजारी कवटीचं आणि दोन हाडांचं चित्र होतं, ते लोकांना कंपनीची खूण वाटलं. गोदामाच्या कारकुनानं प्रत्येकाचा अंगठा घेताना न चुकता सांगितलं, हा गहू खायचा नाही, हे बियाणं आहे.

आजोबा हसले. तुझे बाबा त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते, त्यांनी मला सांगितलं की असं मोठ्यानं हसताना त्यांनी बापाला कधी पाहिलं नव्हतं. तेच गोदाम, तेच दार, तेच शब्द, फक्त कारकून नवा. आजोबा त्याला म्हणाले, बरोबर आहे बाबा तुझं, आणि पोतं खांद्यावर घेऊन घरी आले. तुझ्या साहेबांच्या पुस्तकात इतिहास एका पानावर असतो आणि लोक दुसऱ्या पानावर. आपल्याकडे ते असे एकाच माणसाच्या खांद्यावरून घरात आले.

तरी आपली माणसं मूर्ख नव्हती, हे तुला नीट कळायला हवं. म्हातारे हपापले नाहीत. आधी त्यांनी मूठभर गहू कोंबड्यांना टाकला आणि आठवडाभर वाट पाहिली. कोंबड्या ठणठणीत. मग घरोघरी बायकांनी गहू धुवायला घेतला. पहिलं पाणी गुलाबी निघालं, दुसरं फिकट, असं करत करत पाणी स्वच्छ येईपर्यंत त्या धूत राहिल्या. तुझ्या आईनं सगळ्यांहून जास्त वेळा धुतला, तिला कशातच उरकून टाकणं जमत नाही. मग वाळवला, पाखडला, गिरणीतून दळून आणला. पीठ पांढरंशुभ्र निघालं आणि रोट्या इतक्या मऊ झाल्या की आजोबांनी सुनेचं तोंडभर कौतुक केलं, जे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. औषध आणि रंग वेगवेगळे होते, बाई. रंग पाण्यानं जातो, ते औषध जात नाही. सगळ्या प्रांतानं मन लावून, हात दुखेपर्यंत फक्त धोक्याची खूण धुऊन काढली.

तुझ्या आईला तेव्हा दिवस गेलेले होते. पहिलंच मूल. घरात दोन वर्षांनी पोटभर अन्न आलेलं, मग पहिला घास कुणाला? आजोबा आपल्या ताटातली अर्धी रोटी तिच्या ताटात टाकायचे. बाबा भूक नाही म्हणून उठायचे आणि त्यांचं ती खायची. तू दोन जिवांची आहेस, खा, म्हणून तिला आग्रह व्हायचा. मी त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. वसतिगृहातल्या पाणचट आमटीला शिव्या देत घरी पत्रं लिहायचे की तुम्ही तिकडे मजा करताय. माझे हात आज थरथरत नाहीत याला एवढंच कारण आहे. माझ्या अंगात शहाणपण होतं म्हणून नाही.

हिवाळा सरताना आजोबा म्हणू लागले की ओठांभोवती मुंग्या चालतात. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. मग त्यांच्या हातून भांडी सुटायला लागली. मग एक दिवस बाबा धडधडीत उघड्या दारातून बाहेर पडताना चौकटीवर आदळले, कारण त्यांना कडेचं दिसेनासं झालं होतं. समोर लोहाराच्या घरात त्याची धाकटी मुलगी चालायची विसरली. गल्लीत माणसं भिंत धरून चालायला लागली. चौकीतल्या शिपायानं दोघांना दारू प्यायले म्हणून कोठडीत टाकलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यालाच स्वतःच्या पट्ट्याचं बकल लावता येईना. हे सांगताना लोक पूर्वी हसायचे. मला निरोप आला तेव्हा मी घरी आले, तर आजोबांना माझा आवाज ऐकू येत नव्हता आणि तोंड ओळखू येत नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले, तर तो हात कुणाचा आहे हेही त्यांना कळत नव्हतं. उन्हाळा लागायच्या आत ते गेले. लोहाराची मुलगी त्यांच्या आधी गेली. त्या महिन्यांत आपल्या गावात रडायलासुद्धा माणसं कमी पडली, कारण जी रडायला येणार ती अंथरुणाला खिळलेली.

तुझी आई त्या मानानं हातीपायी धड राहिली. बोटं बधिर झाली, नजर थोडी अरुंद झाली, बाकी ती चालत होती, बोलत होती, सगळ्यांचं करत होती. आम्हाला वाटलं, हिच्या नशिबानं ही वाचली. मग दादा झाला. तो रडला नाही. दिवा हलवला तर डोळे हलले नाहीत. तान्ह्या पोराची मान धरावी लागते, पण त्याची वर्ष झालं तरी धरावी लागत होती. जिल्ह्याच्या इस्पितळात बाहेरून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिच्याकडे अशी पुष्कळ मुलं आली होती. तुझ्या आईनं तिला विचारलं की मी एवढं खाऊन बरी कशी. डॉक्टरीण कोवळी होती, तिला खोटं बोलायला जमलं नाही. तिनं सांगितलं की पोटातलं मूल आईच्या अंगातलं हे विष स्वतःकडे ओढून घेतं, तुमच्या वाट्याचं बरंचसं त्यानं घेतलं. मी शेजारी उभी होते. तुझ्या आईनं मान डोलावली, पोराचं दुपटं नीट केलं आणि त्यानंतर कितीतरी महिने ती आमच्याशी कामापुरतंही बोलली नाही. मला तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच डॉक्टरणीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तुझ्यासाठी महत्त्वाची. हे विष अंगात कायमचं राहत नाही. जे मोडायचं ते मोडतं, पण विष स्वतः हळूहळू निघून जातं, वर्ष-दोन वर्षांत त्याचा मागमूस राहत नाही. पुढचं मूल व्हायला काही हरकत नाही, असं तिनं बाबांना बजावून सांगितलं होतं. बाबांना धीर व्हायला तरी तीन वर्षं गेली. मग तू झालीस. सुईण तुला धुवायला लागली तशी तू लाथा झाडून तिचं घमेलं उलटं केलंस. बाबा अंगणात बसून ढसाढसा रडले आणि तुझं नाव काय ठेवायचं ते ठरायच्या आधीच भिंगरी म्हणायला लागले. तू धावायला लागलीस तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन नुसत्या बघत उभ्या राहायच्या. तुला वाटायचं, तू काहीतरी दंगा केलास म्हणून बघतात.

मग तुला हे कधीच कुणी का सांगितलं नाही? सरकारनं चौकशी लावली होती. आधी फर्मान निघालं की बियाण्याचा गैरवापर करणाऱ्याला शिक्षा होईल, आणि मग साहेब दारोदार विचारत फिरले की तुम्ही खाल्लं का. कोण हो म्हणणार? उरलेली पोती लोकांनी पुरली, नदीत सोडली. सगळ्यांनी सांगितलं, आम्ही पेरलं. साहेबांनाही तेच हवं होतं, कारण खाल्लं म्हटलं की मग उशिरा का पोचलं, न वाचता येणाऱ्या भाषेत कुणी छापलं, हे सगळं निघालं असतं. म्हणून पुस्तकात आलं की त्या वर्षी प्रांतात साथीचा आजार पसरला. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं. पुढच्या बाकांवर अशी मुलं असायची ज्यांच्या पाट्या हातांच्या कापऱ्यामुळे बाकावर वाजायच्या, आणि मी लिहायचे, साथ.

पण सरकार गेलं तरी लोक गप्पच राहिले, त्याचं कारण शिक्षेची भीती नव्हे. खाल्लं म्हणायचं तर वाढलं कुणी, हे आलंच. प्रत्येक घरात ती बाई होती. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची सून. ती समोर बसून पुन्हा रोज तेच करत होती, दळत होती, भाजत होती, वाढत होती. तिच्या तोंडावर कोण म्हणणार? त्यापेक्षा रक्त बरं. बाहेरचे म्हणायलाच लागले होते की त्या प्रांतात रक्तातच खोट आहे, तिथली मुलगी करू नये. आपल्या लोकांनी तेच उचललं. रक्ताचं म्हटलं की कुणाचा हात दिसत नाही. माझं ठरत आलेलं लग्न त्याच पायी मोडलं. त्याचं मला दुःख नाही, त्या माणसाचं नाक मला तसंही आवडलं नव्हतं. पण बाबा मरेपर्यंत, घरात कुणी दादाबद्दल विचारलं तर, आमच्या रक्तात आहे एवढंच बोलून विषय बदलायचे, आणि तुझी आई ते ऐकत पाठमोरी भांडी घासत असायची. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला एक पांघरूण घातलं होतं. ते पांघरूण तुझ्याही अंगावर येईल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आता इतक्या उशिरा ते कळतंय.

आता हे पत्र मी का लिहिलं ते सांगते, कारण खरं बोलायचं तर मी ते लिहिणार नव्हते. मी तुला चार ओळी लिहून, रक्तात काही नाही, डॉक्टरनं सांगितलंय, काळजी करू नकोस, असं कळवून मोकळी होणार होते. पण तुझं पत्र नेहमीसारखं मी तुझ्या आईला वाचून दाखवलं, सहीपर्यंत, आणि खालची ओळ मनातच ठेवली. ती म्हणाली, सही झाली म्हणतेस, मग कागद का दुमडत नाहीस? मी नाही नाही म्हणत होते, पण तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय? ओळ ऐकल्यावर ती उठून दादापाशी जाऊन बसली. दोन दिवस आम्ही मिठावरूनसुद्धा भांडलो नाही. आज सकाळी माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "तिला लिही, रक्त स्वच्छ आहे. मी धुतलं, मी दळलं, मी भाजलं, मी वाढलं. जे झालं ते माझ्या हातानं झालं, ते माझ्या हातावरच लिही." मी म्हटलं, वहिनी, असं कसं लिहू, बोट होती, चिखल होता, तो कारकून होता, तुझे मामंजी होते. ती म्हणाली, ते सगळं तिच्या पुस्तकासाठी लिही, पण माझ्या पोरीला हे आधी कळू दे. तेव्हापासून एकेक पान लिहून मी तिला वाचून दाखवते आहे. कुठेही तिनं मला खोडायला लावलं नाही. दुपारी मध्येच उठून दादाला भरवून आली आणि पुन्हा बसली. आता तू डॉक्टरकडे जाशील तेव्हा हे त्यांना सांग, त्यांचं ऐक, आणि मग तू आणि जावई काय ठरवायचं ते ठरवा. जे ठरवाल ते आमच्या कपाळी आलं त्याकडे बघून नाही, तुमच्या इच्छेनं ठरवा. एवढं सगळं लिहून झाल्यावर मी तिला विचारलं, तुला स्वतःला आणखी काही सांगायचंय का. तिनं मला एवढंच विचारलं, की हे वाचल्यावर पोरगी घरी येईल तेव्हा माझ्या हातचं खाईल ना. मी म्हटलं, तिलाच विचारते.

तुझीच,
आत्या